टीप ३७

अशोक चौकाच्या मागे, टॉवेलच्या कारखान्यावरच्या माडीत
आम्ही सहाजण स्पॅनिशची पानं लावतो.
वाचता कुणालाच येत नाही.
खालचे माग थांबले की पायांतली थरथर जाते,
मग कळतं, दहा वाजले.

सामोरा नावाच्या गावाहून वर्षाला दोन अंक येतात.
भाषा, वाङ्मय, लोकजीवन. उशीएवढे जाड.
सुदर्शन मडूर म्हणतो, वाचणारे सगळे मिळून
आपल्या गल्लीतल्या भिशीएवढे असतील.
तरी एक स्वल्पविराम हलला की
संपादक इन्माकुलादा बाईंचं पत्र येतं.

मला अर्थ कळत नाही, वळण कळतं.
त्यांचा प्रश्न वाक्याआधीच दारात उभा असतो,
डोकं खाली, टांगा वर.
आपल्यात 'का' शेवटी येतो.
तोवर ऐकणारा निम्मा हो म्हणून बसलेला.

या खेपेला मेंढपाळांच्या शिव्या.
एकेचाळीस पानं, एकशे बारा तळटीपा.
प्राध्यापक एवारिस्तो तीस वर्षं डोंगरात हिंडले म्हणे,
काठ्या टेकत, शिव्या गोळा करत.
फाइल उघडली तर टंकानं घात केलेला:
त्यांच्या एका न-च्या डोक्यावर नागमोडी असते,
टॉवेलच्या काठाला सुटलेल्या दोऱ्यासारखी.
सगळ्या गळालेल्या.

भिंतीवर आमच्या साहेबांनी कागद चिकटवलाय:
दोरा गेला तर 'वर्ष' या शब्दाचं गुदद्वार होतं.
म्हणजे लेखभर
गुदद्वार सोळाशे चार, दुष्काळाचं गुदद्वार,
तीन गुदद्वारं पाऊस नाही.
हसून हसून मडूरला ठसका लागला.
मी एका झटक्यात त्रेसष्ट दोरे परत शिवले.

रात्री घरी, आई बिड्या वळत होती.
सुपात पानं, मांडीवर कात्री, हजारातले सव्वाशे राहिलेले.
तिच्या कारखान्यात वाकडी विडी बाजूला काढतात,
तिला म्हणतात छाट.
छाटीचे पैसे नाहीत, पान-तंबाखू मात्र तिच्याच हिशोबात.
मी भात कालवता कालवता थांबले.
शिव्यांचा लेख.
त्रेसष्टातला एखादा खराच तो असला तर?

"काय बघलालीस एवढं भिंतीकडं?" आई म्हणाली.

सकाळी एकेक तपासला. टीप ३७.
वर मूळ शिवी, रांगडी,
खाली सभ्य प्राध्यापकानं दिलेला तिचा वैद्यकीय अर्थ.
आणि मी तिथं दोरा शिवून ठेवलेला.
मेंढपाळ चिडून एडक्याला म्हणतो:
जा, तुझ्या वर्षात जा.

लेखकास प्रश्न क्रमांक चौदा पाठवला:
इथे वर्ष, की ते दुसरं?
नऊ दिवस उत्तर नाही.
मग बाईंचं आलं, दोनच ओळी:
दुसरंच. असते तर पोट धरून हसले असते.
होळीच्या सुमारास गेले.

त्यांच्यात होळी नसते.
कुठला तरी सण असेल, भाषांतराच्या यंत्रानं
आपली होळी घातली असेल.

आईला तेलुगूत सगळं सांगितलं, एडक्यासकट.
ती हसली, पदरानं डोळे पुसून हसली,
आणि विचारलं, घरी कोण कोण होतं त्यांच्या?

मला माहीत नव्हतं.
एकशे बारा टीपांत सोळाव्या शतकातले धनगर
बापाच्या नावासकट होते, हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बघितलं.
आकडा नसलेली, नुसत्या चांदणीची एक टीप
पहिल्या पानाच्या तळाशी असते, आभाराची.
यंत्र म्हणालं:
मर्चेसाठी, जिनं जेवताना मेंढ्या सहन केल्या.

मर्चे आणि स्वल्पविराम यांच्यामध्ये
एक जागा जास्त सुटली होती.
कुणाला दिसली नसती.
मी बराच वेळ तिच्यावर बोट ठेवून होते,
खाली माग पुन्हा सुरू झाले, टेबल थरथरू लागलं.
मग काढली.